सुवर्णपदकाचे ऋण

श्रोतेहो, १९५४ हे साल आपल्या देशाच्या चित्रपटसृष्टीला मोठ्या मानाचे गेले. त्या एका वर्षात तिच्या गळ्यात दोन निरनिराळ्या हातांनी दोन हार पडले. पहिला हार पडला तो मुंबईत. २१ मार्च रोजी मेट्रो चित्रगृहात 'फिल्मफेअर' या इंग्रजी नियतकालिकाने आपल्या पुरस्कारांचा पहिला समारंभ घडवून आणला. पुरस्कार अवघे पाच: चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि संगीत. निवड केली होती वाचकांनी, मते पाठवून. ज्या मूर्तीसाठी पुढे नटनटी वर्षानुवर्षे झुरू लागल्या, ती मूर्ती घडविणारे शिल्पकार होते आपले ना. ग. पानसरे.

दुसरा हार त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दिल्लीत पडला. हा हार राज्याचा होता. भारत सरकारने १९५३ सालच्या चित्रपटांतून सर्वोत्कृष्ट चित्रपट निवडून त्यास राष्ट्रपतींच्या नावाचे सुवर्णपदक दिले. त्या वेळी यास नुसते 'शासकीय पुरस्कार' म्हणत. आज आपण त्यांना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार म्हणून ओळखतो.

आता गंमत पाहा. बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' हा चित्रपट दोन्ही ठिकाणी परीक्षेस बसला होता. मुंबईत वाचकांनी त्याला पहिला क्रमांक दिला. दिल्लीत त्याला गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र मिळाले. दिल्लीचे सुवर्णपदक पटकावले ते एका मराठी चित्रपटाने. त्याचे नाव 'श्यामची आई'. कोकणातल्या एका दरिद्री घरातल्या आईची ती गोष्ट. त्यात नाच नव्हता, श्रीमंती देखावे नव्हते, आणि चित्रपटाची भाषा तर देशातल्या बहुसंख्य लोकांस न कळणारी. अशा चित्रपटाला स्वतंत्र भारताने आपले पहिले सुवर्णपदक दिले. हे कसे घडले, आणि ते पदक घेऊन पुढे आपण काय केले, हा आमच्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

या सन्मानाचे मोल कळायचे, तर त्याआधी चित्रपटाची सामाजिक पत काय होती ते ध्यानात घेतले पाहिजे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला. त्यातील तारामती होती अण्णा साळुंके नावाचा एक तरुण, जो पूर्वी एका उपाहारगृहात स्वयंपाकी होता. कारण पडद्यावर उभे राहण्यास एकही स्त्री मिळेना! कुलीन स्त्रियांचे तर सोडाच. ज्यांना समाजाने कुलीन मानले नव्हते, त्यांनाही हा धंदा कमीपणाचा वाटत होता. जो धंदा इतका खालचा, त्याच्याकडे सरकार कोणत्या नजरेने पाहणार? इंग्रज सरकारने १९१८ साली कायदा केला तो चित्रपट तपासण्याचा आणि कापण्याचा. पुढे करमणूक कर आला. म्हणजे राज्याचे चित्रपटाशी नाते दोनच प्रकारचे: एक कोतवालाचे आणि दुसरे जकातदाराचे.

गुणग्राहकता दिसली ती परदेशात. पुण्याच्या प्रभात कंपनीच्या 'संत तुकाराम' या १९३६ च्या चित्रपटाचा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. देहूच्या वाण्याची ही कथा इटलीतल्या परीक्षकांना भावली. पण आपल्या देशात तिला मानाचा नारळ देणारी एकही अधिकृत संस्था नव्हती. चेतन आनंद यांच्या 'नीचा नगर'ला १९४६ साली कान येथे सर्वोच्च पुरस्कारातला वाटा मिळाला, तेव्हाही घरचा अहेर असा काही नव्हताच.

स्वातंत्र्य आले; परंतु कराचा काच कमी झाला नाही. ३० जून १९४९ रोजी देशभरच्या चित्रगृहांनी निषेध म्हणून आपले दरवाजे बंद ठेवले. त्याच वर्षी सरकारने स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. तिच्या सभासदांत व्ही. शांताराम होते आणि कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचे बी. एन. सरकारही होते. समितीने १९५१ साली अहवाल दिला. चित्रपटनिर्मितीला कर्ज देणारे महामंडळ काढावे, चित्रपटकलेचे शिक्षण देणारी संस्था काढावी, अशा मोलाच्या सूचना त्यात होत्या. या दोन्ही सूचना अंमलात यायला १९६० साल उजाडावे लागले. शिक्षणसंस्था निघाली ती पुण्यात, आणि तीही बंद पडलेल्या प्रभात स्टुडिओच्याच आवारात.

दरम्यान दिल्लीत कलांसाठी अकादम्या स्थापन होत होत्या. १९५३ साली संगीत आणि नाटक यांची अकादमी झाली. १९५४ साली साहित्याची आणि ललितकलांची झाली. चित्रपटाला मात्र स्वतंत्र अकादमी मिळाली नाही. त्याच्या वाट्याला आले वार्षिक पदक. त्यातही एक विसंगती अशी की, हे पदक ज्या माहिती व नभोवाणी मंत्रालयाने दिले, त्याच मंत्रालयाच्या रेडिओवरून त्या सुमारास चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली होती. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे त्या खात्याचे मंत्री. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा, आणि चित्रपटगीतांविषयी त्यांना तिटकारा. लोक मग रेडिओ सिलोन लावून बसत. १९५७ साली विविध भारती सुरू झाली तेव्हा कुठे ही गीते सन्मानाने घरी परतली. एका हाताने गाणे बंद करावे आणि दुसऱ्या हाताने पदक द्यावे, अशी ही सरकारची मनःस्थिती होती. चित्रपट पूर्णपणे आपला म्हणवत नव्हता, आणि टाकवतही नव्हता.

अशा द्विधा मनःस्थितीतल्या राज्याला 'श्यामची आई' भेटली.

साने गुरुजींनी ही कथा १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. श्याम रात्री आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, अशी तिची रचना. महाराष्ट्रात वाचता येणाऱ्या घरांत ही आई केव्हाच जाऊन बसली होती. गुरुजी १९५० साली गेले. त्यानंतर तीन वर्षांच्या आत आचार्य अत्रे यांनी हा चित्रपट काढला. निर्माते तेच, दिग्दर्शकही तेच. अत्रे म्हणजे विनोदाचा धबधबा, कोट्यांचा वर्षाव, विडंबनाची लेखणी. त्यांच्याच 'ब्रह्मचारी'ने १९३८ साली महाराष्ट्राला खदखदा हसविले होते. अशा माणसाने हुंदक्यांनी भरलेली ही कथा हाती घ्यावी याचे पुष्कळांना नवल वाटले असल्यास त्यात नवल नाही. पण अत्र्यांनी आपली विनोदबुद्धी आवरली आणि गुरुजींची साधी वाट धरली. आईचे काम वनमालाबाईंनी केले, श्यामचे माधव वझे यांनी, आणि संगीत दिले वसंत देसाई यांनी. चित्रपट मार्च १९५३ मध्ये प्रकाशित झाला.

या चित्रपटाची निवड नैतिक शिकवणीसाठी झाली असे काही टीकाकार म्हणतात. त्यात तथ्य आहेच. नव्या राष्ट्राला आपल्या नागरिकांनी सत्शील व्हावे असे वाटत होते, आणि पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसे मनालाही जप, असा संस्कार देणाऱ्या आईइतका उत्तम शिक्षक दुसरा कोण? परंतु एवढ्यावर या निवडीचा निकाल लावणे आम्हास मान्य नाही. या निवडीत आणखी एक गोष्ट घडली. पालगडच्या एका गरीब घरातले सुखदुःख हे साऱ्या भारताचे सुखदुःख आहे, असे राज्याने मुद्रा उठवून सांगितले. बाजाराने हे कधीच सांगितले नसते. बाजार तिकिटे मोजतो. मराठी बोलणाऱ्यांच्या मुलुखाबाहेर या चित्रपटाची तिकिटे किती खपणार होती? जिथे बाजाराची दृष्टी पोचत नाही तिथे पाहायला दुसरा डोळा लागतो. शासकीय पुरस्कारांचे खरे समर्थन हेच आहे, आणि ते पहिल्याच वर्षी सिद्ध झाले.

पुढच्या वर्षी सरकारने एक शहाणपणाची सुधारणा केली. अखिल भारतीय सुवर्णपदकाबरोबरच प्रत्येक प्रमुख भाषेतल्या उत्तम चित्रपटास राष्ट्रपतींचे रौप्यपदक देण्याची प्रथा पाडली. १९५४ च्या मराठी चित्रपटांत हे रौप्यपदक 'महात्मा फुले' या चित्रपटाने मिळविले, तोही अत्र्यांचाच. लागोपाठ दोन वर्षे एकाच माणसाच्या दोन चित्रपटांना राष्ट्रपतींच्या नावाची दोन पदके मिळाली. एकात घराला वळण लावणारी आई, दुसऱ्यात समाजाला वळण लावणारा महात्मा.

१९५४ चे सुवर्णपदक सोहराब मोदींच्या 'मिर्झा गालिब'ला गेले, आणि १९५५ चे सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'ला. या दुसऱ्या चित्रपटाची कुळकथा प्रसिद्ध आहे. रायांजवळचे पैसे संपले, दागिने गहाण पडले, काम थांबले. शेवटी पश्चिम बंगालच्या सरकारने पैसे दिले. आणि नावातच 'पथ' असल्यामुळे ते रस्तेसुधारणेच्या खात्यावर टाकले, असे सांगतात. सरकारी दप्तरात रस्ता म्हणून नोंदलेल्या त्या चित्रपटाने भारतीय चित्रपटाला जगाकडे जाणारा रस्ता खरोखरच बांधून दिला. परदेशातला त्याचा गौरव सर्वांस ठाऊक आहे.

१९५७ चे सुवर्णपदक पुन्हा एका मराठी माणसाला मिळाले, चित्रपट मात्र हिंदी होता. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ'. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूर येथे कैद्यांना भिंतींवाचून ठेवण्याचा जो प्रयोग झाला, त्यावर ग. दि. माडगूळकरांनी ही कथा रचली. संगीत पुन्हा वसंत देसाई यांचे. म्हणजे पहिल्या पाच सुवर्णपदकांपैकी दोहोंच्या मागे वाजत होते ते याच एका मराठी संगीतकाराचे सूर! आणि पाहा, स्वतंत्रपूर हे माणदेशातले, कथा मराठी कवीची, दिग्दर्शक कोल्हापूरच्या मातीतला. पण चित्रपट हिंदीत. मराठी प्रतिभा कोणत्या दिशेने वाहू लागली होती याची ही खूणच होय. तिच्याकडे आम्ही पुढे परत येऊ.

सुवर्णपदकाच्या पुढच्या यादीवरून नुसती नजर फिरवली तरी या देशाचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. सर्वाधिक वेळा ते बंगालीकडे गेले. १९६५ साली 'चेम्मीन' या मल्याळी चित्रपटाने ते प्रथमच दक्षिणेत नेले. केरळच्या कोळ्यांची ती कथा. दिग्दर्शक रामू करियात, संगीत बंगालच्या सलील चौधरींचे, संकलन हृषीकेश मुखर्जींचे. १९७० साली 'संस्कार'ने ते कन्नडकडे नेले, १९८३ साली 'आदि शंकराचार्य'ने चक्क संस्कृतकडे, १९८७ साली आसामीकडे, १९९० साली 'मरुपक्कम'ने तमिळकडे. १९७८ साली परीक्षकांनी कोणालाच सुवर्णकमळ दिले नाही, हेही नमूद केले पाहिजे. नाही म्हणण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याच्याच होकाराला किंमत येते.

पुरस्कारांचे स्वरूपही पालटत गेले. आरंभी मान होता तो चित्रपटाचा, म्हणजे निर्मात्याचा आणि दिग्दर्शकाचा. १९६७ च्या चित्रपटांपासून नटनटींना स्वतंत्र पुरस्कार मिळू लागले. पहिले मानकरी उत्तमकुमार आणि नर्गिस. पुढे छायालेखक, संकलक, ध्वनिलेखक अशा पडद्यामागच्या कारागिरांकडेही लक्ष गेले. १९६९ साली दादासाहेब फाळके यांच्या नावाने जीवनगौरव सुरू झाला, आणि त्याच्या पहिल्या मानकरी देविकाराणी झाल्या. ज्या गृहस्थाला तारामतीच्या कामासाठी एकही स्त्री मिळाली नव्हती, त्याच्या नावाचा पहिला पुरस्कार एका स्त्रीच्या हाती पडला! काळाने केलेली इतकी सुरेख भरपाई क्वचितच पाहावयास मिळते. या फाळके पुरस्काराच्या यादीत पुढे दुर्गाबाई खोटे, शांताराम, लता मंगेशकर, भालजी पेंढारकर आणि आशा भोसले यांची नावे आली. १९७० नंतर पदकांची जागा सुवर्णकमळाने आणि रजतकमळाने घेतली.

परंतु या साऱ्या वैभवाच्या काळात सर्वोच्च पुरस्कारांच्या यादीत मराठीचे नाव कोठे होते? कोठेच नव्हते. १९५३ च्या 'श्यामची आई'नंतर थेट २००३ सालापर्यंत एकाही मराठी चित्रपटास तो मान मिळाला नाही. पन्नास वर्षे! भाषिक रौप्यपदके मिळत होती, भालजी, राजा परांजपे, अनंत माने, राजा ठाकूर यांच्यासारखे समर्थ दिग्दर्शक काम करीत होते. तरी सुवर्ण दूर राहिले.

याची कारणे काय? एक कारण भूगोलाचे आहे. बंगाली चित्रपटाचे केंद्र कलकत्ता, तमिळचे मद्रास. पण मराठीच्या अंगणात, मुंबईत, हिंदी चित्रपटाचा वटवृक्ष उभा. त्याच्या सावलीत दुसरे झाड वाढणे कठीण. आमचे दिग्दर्शक, गायिका, संगीतकार, कारागीर या वटवृक्षाने आपल्याकडे ओढून घेतले. चित्रगृहेही त्याचीच. दुसरे कारण संस्थांचे आहे. ज्या १९५३ साली 'श्यामची आई' आली, त्याच साली 'प्रभात' बंद झाली. सातत्याने पगार देणारी, शिस्तीने कलावंत घडविणारी घरे मोडली. पुढे जो तो निर्माता एकेका चित्रपटापुरते कर्ज काढून उभा राहू लागला. महाराष्ट्र शासनाने १९७५ च्या सुमारास करमणूक कराच्या परताव्याची योजना आणली, तिने निर्मितीला श्वास मिळाला. पण परतावा मिळे तो तिकिटांच्या प्रमाणात, आणि तिकिटे खपत ती ओळखीच्या करमणुकीवर. तिसरे कारण सांगताना आपण आपल्याकडे बोट दाखवले पाहिजे. नाटकाचे तिकीट काढण्यास मराठी माणूस पुढे. मराठी चित्रपटाचे काढताना मात्र तो मागेपुढे पाहतो. मग आपल्या भाषेतला उत्तम चित्रपट केव्हा आला आणि केव्हा गेला हे त्याला वर्तमानपत्रातून, पुरस्कार जाहीर झाल्यावर कळते.

हे पन्नास वर्षांचे मौन मोडले संदीप सावंत यांच्या 'श्वास' या चित्रपटाने. माधवी घारपुरे यांच्या कथेवर तो आधारलेला. कोकणातला एक आजोबा आपल्या लहानग्या नातवाला शहरातल्या रुग्णालयात घेऊन येतो. मुलाच्या डोळ्यांना कर्करोग झाला आहे; जीव वाचवायचा तर दृष्टी द्यावी लागणार. शस्त्रक्रियेआधी नातवाला जग एकदा पोटभर पाहू द्यावे, एवढीच त्या म्हाताऱ्याची धडपड. अरुण नलावडे आजोबा झाले. नातू झालेल्या अश्विन चितळे यालाही बालकलावंताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे हा चित्रपट भारतातर्फे ऑस्करच्या स्पर्धेसाठी निवडला गेला, तेव्हा तिकडच्या प्रचाराचा खर्च निर्मात्यांना झेपणारा नव्हता. मग लोकांनी वर्गणी काढली. शासनाने साहाय्य केले. पण सामान्य माणसांनीही आपापल्या परीने भर घातली. ऑस्कर मिळाले नाही. त्याचे दुःख आम्ही फारसे मानीत नाही. पन्नास वर्षांत प्रथमच मराठी समाजाने एखाद्या चित्रपटाचे ओझे आपल्या खांद्यावर घेतले, हे आमच्या मते त्या बाहुलीहून मोठे.

त्यानंतर कोंडी फुटली. २०११ चे सुवर्णकमळ उमेश कुलकर्णी यांच्या 'देऊळ'ला मिळाले. देव आणि बाजार यांच्या भागीदारीवरचा तो खुमासदार प्रहार. त्यातील गिरीश कुलकर्णी यांना अभिनयाचाही पुरस्कार मिळाला. त्या वर्षी 'देऊळ'च्या जोडीने सुवर्णकमळ मिळाले ते 'ब्यारी' या चित्रपटाला, कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील एका लहानशा समाजाच्या बोलीतला तो पहिलाच चित्रपट. २०१४ चे सुवर्णकमळ चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला, ज्यात एका वृद्ध लोकशाहिरावरील खटल्यातून आपली न्यायव्यवस्था थंडपणे उलगडत जाते. आणि २०१६ चे सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ला. नैराश्याने जगणे नकोसे झालेल्या एका तरुणाला एक अनोळखी बाई कोकणच्या किनाऱ्यावर सांभाळते, अशी ही कथा. पाहिलेत ना? 'श्यामची आई', 'श्वास', 'कासव': तिन्ही ठिकाणी कोकण, तिन्ही ठिकाणी एक कोवळा जीव आणि त्याला सांभाळणारे वडीलधारे माणूस. हा योगायोग असेल. परंतु मराठी चित्रपटाला आपला सूर कोठे सापडतो याची ही खूणही असेल.

येथवर आम्ही मानाची कथा सांगितली. आता मानापमानाची सांगितली पाहिजे. ३ मे २०१८ रोजी, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्या वाढदिवशी, पासष्टावा पुरस्कार समारंभ दिल्लीत झाला. राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते अकराच पुरस्कार दिले जातील, बाकीचे मंत्रिमहोदय देतील, असे ऐन वेळी कळले. पन्नासाहून अधिक मानकरी समारंभास गैरहजर राहिले. कोणी म्हणाले, कलावंत हट्टी आहेत. पदक तेच, रक्कम तीच, हात कोणाचा याला काय महत्त्व? आमचे मत वेगळे आहे. १९५४ साली या पुरस्काराला जी प्रतिष्ठा आली ती सोन्याच्या वजनाने आली नाही. कोतवाल आणि जकातदार या दोनच रूपांत भेटलेले राज्य प्रथमच आपल्या सर्वोच्च रूपात, राष्ट्रपतींच्या नावाने, कलावंतापुढे आले, म्हणून ती आली. त्यातही ज्याचे नाव घरोघर आहे त्या नटाला हात कोणाचा याचे फारसे वाटणार नाही. लोकांचे हात त्याच्या पाठीवर असतातच. पण ध्वनिलेखकाला किंवा लघुपट काढणाऱ्याला आयुष्यात हा दिवस एकदाच येतो. त्या वर्षीचे सुवर्णकमळ आसामच्या रीमा दास यांच्या 'व्हिलेज रॉकस्टार्स'ला होते. आपल्याच गावी जाऊन, गावातली मुले घेऊन, लेखन, छायालेखन आणि संकलन ज्यांनी स्वतः केले त्या या बाई. अशांसाठीच हा पुरस्कार आहे, आणि त्यांना तो पूर्ण मानाने मिळाला पाहिजे.

तथापि, श्रोतेहो, सारा दोष दिल्लीच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. आमचा खरा मुद्दा पुढे आहे. परीक्षक चित्रपट निवडू शकतात, राष्ट्रपती पदक देऊ शकतात. पण चित्रपट पाहण्याचे काम त्यांच्याने आपल्यासाठी होणार नाही. पुस्तक बक्षीस मिळून कपाटात पडले तरी वाट पाहत राहते. चित्रपटाचे तसे नाही. चित्रगृहात त्याला एक आठवडा मिळतो, कित्येकदा भलत्याच वेळचा एक खेळ मिळतो, आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या की तो उतरतो. मग त्याच्या कपाळावरचे सुवर्णकमळ पाहणार कोण?

आणि न पाहिलेला चित्रपट जपला जात नाही. जुने चित्रपट नायट्रेटच्या फितीवर असत; ही फीत बारुदासारखी पेटते. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, आणि तेथील ज्ञात्यांनी गावोगाव हिंडून, अडगळीतून डबे शोधून काढून, वारसा गोळा केला. तरीही ८ जानेवारी २००३ रोजी प्रभातच्याच जुन्या आवारातल्या फितींच्या कोठारास आग लागली, आणि 'प्रभात'च्या चित्रपटांसह कितीतरी नायट्रेट फितींची राख झाली. २००३ साल! ज्या वर्षाच्या यादीत 'श्वास'मुळे मराठीचे नाव पन्नास वर्षांनी पुन्हा सोन्याने लिहिले गेले, त्याच वर्षाच्या आरंभी जुन्या ठेव्याचा हा भाग जळून गेला. यादी कागदावर राहते. चित्रपट राहण्यासाठी माणसे लागतात.

शेवटी एक ताजी हकीकत सांगून आम्ही आपली रजा घेतो. २३ सप्टेंबर २०२५ रोजी एकाहत्तरावे राष्ट्रीय पुरस्कार दिले गेले. २०२३ च्या मराठी चित्रपटांतला सर्वोत्तम म्हणून जो गौरविला गेला त्याचे नाव 'श्यामची आई'. सुजय डहाके यांनी तीच गुरुजींची कथा पुन्हा पडद्यावर आणली, आणि तीही रंगांच्या या जमान्यात कृष्णधवल. पहिल्या समारंभात सर्वांत वरचे नाव 'श्यामची आई' होते. एकाहत्तराव्यात मराठीपुढचे नाव 'श्यामची आई' आहे. यावर कोणी म्हणेल, सत्तर वर्षांत आम्ही पुढे गेलोच नाही. कोणी म्हणेल, जे टिकाऊ आहे ते पुनःपुन्हा उगवते. दोन्ही पक्षांस बोलण्यास जागा आहे, आणि तो वाद व्याख्यानानंतर अवश्य व्हावा.

आमचे मागणे त्या वादाहून साधे आहे. ज्या चित्रपटाला राज्याने आपल्या भाषेतला उत्तम म्हटले, तो आपल्या गावात लागला का, हे वर्षातून एकदा विचारा. लागला नसेल तर चित्रगृहाच्या मालकाला विचारा, नगरवाचनालयाला विचारा, शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारा. चार घरांनी मिळून एक चित्रपटमंडळ काढले तरी महिन्याला एक चांगला चित्रपट गावाला पाहता येतो. सुवर्णपदक हे निर्मात्याला मिळालेले धन असेल; पण प्रेक्षकांवर ते ऋण आहे. ते फेडण्याचे चलन एकच: दोन तासांचा वेळ आणि एका तिकिटाचे पैसे.